दुकानदाराची भूमिका

आमच्या दुकानात त्याला सगळे हिरो म्हणायचे. कौतुकानं नव्हे, टिंगल म्हणून. खरं नाव होतं चांगलं, पण पगाराच्या दिवसाखेरीज ते कुणाला आठवत नसे. मी गल्ल्यावर बसते. तो आतल्या बाजूला सुटं सामान तोलून द्यायचा, फळ्या भरायचा, आणि संध्याकाळ झाली की ॲप्रन काढून तालमीला पळायचा. चाळिशी उलटली तरी पळतच होता. मी तोंडाची फटकळ, त्याला कितीदा तरी सुनावलं असेल, की अरे, डोक्यावरचे केस चालले, आता तरी कुठं टेक. तो हसायचा. एक धड भूमिका मिळू दे ताई, मग टेकतो म्हणायचा.

तोवर मिळालेल्या भूमिका म्हणजे काय, तर दुसरा पोलीस. तिसरा पाहुणा. एकदा तर अख्खा अंक प्रेत. त्याचंही मेल्याला कौतुक, श्वास कसा लपवला ते म्हणे कुणालाच कळलं नाही! कळणार कसं? बघायला ओळखीचं कुणी असेल तर ना. दुकानातून कधी कुणी गेलं नाही.

एकदा तो तापानं फणफणला तेव्हा मी डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेले. एक खाट, एक आरसा, एक कप. मला चहा द्यायचा तर आधी स्वतःचा संपवून कप विसळावा लागला त्याला. भिंतीकडे तोंड करून संवाद म्हणतो म्हणाला, आणि मग पलीकडचा शेजारी भिंतीवर बुक्के मारतो. तेवढीच दाद, असंही म्हणाला. मी हसले खरी, पण जिना उतरताना मनात आलं, दिवसभर शंभर माणसांशी बोलणारा हा माणूस, आणि घरी त्याला उत्तर द्यायला भिंत.

आणि मग त्याला भूमिका मिळाली. चांगली दोन प्रवेशांची, आणि कसली म्हणाल, तर किराणा दुकानदाराची. त्या दुकानदाराचा मुलगा गेलेला असतो, तरी तो दुकान उघडतो आणि सामान तोलता तोलता कोसळतो. आम्ही पोट धरून हसलो. मालक म्हणाले, हे तर तू इथं रोजच करतोस. पण हिरोचे पाय जमिनीवर नव्हते. त्यानं गावी आईला फोन केला, आईनं सगळ्या आळीला सांगितलं आणि पिशवी भरून बघायला यायच्या तयारीत बसली.

महिना झाला नसेल, एक दिवस त्यानं येऊन सांगितलं, भूमिका गेली. नाटकाला पैसा लावणाऱ्याला नावाजलेला चेहरा हवा होता. एक मोठा नट मिळाला. तुझं काही चुकलं नाही हं, असं दिग्दर्शकानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईला त्यानं कळवलं, नाटक पुढं ढकललंय.

एवढ्यावर संपलं असतं तर मी मूग गिळून बसले असते. पण त्या दिग्दर्शकाची हिंमत बघा. मोठ्या नटानं म्हणे जन्मात कधी काही तोललं नव्हतं. तेव्हा त्याला चार दिवस तुझ्या दुकानात पाठवतो, जरा दाखव, असं त्यानं हिरोलाच सांगितलं. आणि हा बावळट हो म्हणाला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, शिकवच मग, चांगलं उलटंसुलटं शिकव, पडू दे तोंडावर. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मीच ओशाळले. त्याची एकच अट होती, भूमिका आधी आपली होती हे त्या नटाला कळता कामा नये.

मोठा नट आला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, पण तो साधा निघाला. वेळेवर यायचा, ॲप्रन मागून घ्यायचा, सांगितलं ते ऐकायचा. हिरोनं त्याला सगळं दिलं. साखर आधी कमीच टाकायची आणि मग वाढवायची, कारण पिशवीतून परत काढली की गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतं. डोळे काट्यावर ठेवायचे, पण कान गिऱ्हाइकाकडे. शेवटच्या दिवशी नटानं विचारलं, हा माणूस कोसळतो तो नेमका कसा?

हिरोनं काट्यावर पिशवी ठेवली आणि साखर टाकायला लागला. टाकतच राहिला. पिशवी भरली, ओसंडली, साखर काट्यावरून फळीवर आणि फळीवरून जमिनीवर सांडायला लागली. त्याचा चेहरा मात्र रोजचाच. समोरच्या बाईंना त्यानं विचारलं, "आणखी काय देऊ?" त्या बाई पर्स उघडी धरून बघत राहिल्या. मी गल्ला तसाच टाकून उठले. रडले मी, सांगायला लाज कसली. मग मालक साखरेच्या नावानं ओरडले आणि हिरो झाडू आणायला गेला.

पहिल्या प्रयोगाला मी तिकीट काढून गेले, तर हा आधीच शेवटच्या रांगेत येऊन बसलेला. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथं बसले. दुसऱ्या अंकात मोठ्या नटानं साखर सांडली. सगळं थिएटर चिडीचूप, आणि मग टाळ्या, थांबता थांबेनात. चोर मेला, असं मी दातओठ खाऊन म्हटलं.

"नाही ताई," हिरो म्हणाला. "'आणखी काय देऊ' विचारताना त्यानं आवाज पार खाली नेला. मला ते सुचलं नव्हतं. माझ्यापेक्षा चांगलं केलं त्यानं."

तो रडत असता तर मला समजूत तरी घालता आली असती. त्याचे डोळे कोरडे होते आणि तो अगदी खरं बोलत होता.

बाहेर मोठ्या नटाभोवती ही गर्दी. त्याला हिरो दिसला तसा तो सगळ्यांना बाजूला सारत आला आणि त्यानं त्याला मिठी मारली. "हे माझे गुरू," लोकांना म्हणाला. "खरेखुरे दुकानदार. सगळं यांच्याकडून उचललंय मी." लोक वळून बघायला लागले. दिग्दर्शक मागं उभा होता, तो एकदम खाली चपलांकडे बघायला लागला. अहो हा नट आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हिरोनं माझा हात घट्ट दाबला. सुटाबुटातल्या एका गृहस्थांनी विचारलं, किती वर्षं आहात या धंद्यात?

हिरो जरासा वाकला. चेहऱ्यावर हिशेबी, ओशट हसू आलं, आवाजही निराळाच झाला. "जन्म गेला साहेब. दुकान वडिलांपासूनचं. या ना कधी, सामान चोख देतो."

वडील त्याचे पोस्टात होते. पण तिथं एकालाही शंका आली नाही.