साठ पोत्यांची रेलबस

गाडी सुरू झाली असती तर हे किस्से झालेच नसते. ती सुरूच होईना, म्हणून आमच्याकडे नुसते किस्से साठत गेले. कुणी विचारलं, "नाशिकला नोकरीत केलंत काय?" की मी यातलाच एखादा सांगतो. लोक हसतात. हसोत बापडे.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मनमाड-नांदगाव पट्ट्यासाठी एका डब्याची छोटी रेलबस आली होती. प्रवासी घेण्याआधी तिची चाचणी करायची, हे आमच्या रेल्वे शेडचं काम. सीटा साठ. माणसं बसवायची परवानगी नाही, म्हणून प्रत्येक सीटवर वाळूचं एक पोतं. गाडी चालवायला गांगुर्डे ड्रायव्हर, रिपोर्ट टाइप करायला मी.

*

गांगुर्डेच्या बायकोचं, शांतावहिनींचं माहेर नांदगावच्या अलीकडच्या खेड्यात. मोठ्या गाड्या तिथं थांबत नसत आणि पाठीच्या दुखण्यामुळे वहिनींना रस्त्याचे धक्के सोसवत नसत. माहेर तुटल्यातच जमा. रेलबस मात्र तिथं थांबणार होती. गांगुर्डेनं शब्द दिला, "पहिल्या दिवशी तुला खिडकीत बसवून नेतो."

सतरा नंबरची सीट त्यानं ठरवूनही टाकली. तिथल्या पोत्यावर खडूनं लिहिलं, 'शांता'. आम्ही दर चाचणीला विचारायचो, "वहिनी बसल्या का?"

"बसल्या. चला."

*

पहिली चाचणी झकास झाली. ब्रेक जागच्या जागी लागला. रिपोर्ट परत आला, कारण फॉर्म जुना होता. नवा मागवला तर उत्तर आलं, "छपाई चालू आहे." छपाई वर्षभर चालू होती.

तोवर पोती गाडीतच. ती मूळची बाजरीची, शिवणीत दाणे राहिलेले, आणि शेडचं पत्र्याचं छप्पर गळकं. एका सकाळी बघतो तर निम्म्या प्रवाशांना कोंब फुटलेले. गांगुर्डे मला म्हणाला, "राहू द्या. सुरू होईपर्यंत कणसं येतील."

*

नव्या फॉर्मवर पुन्हा चाचणी. वहिनींच्या खेड्याशी गाडी थांबवली, तर त्यांचे वडील काठी टेकत आले.

"जावईबापू, गाडी आली. पोर कुठं हाय?"

"अजून चाचणी चालू आहे, मामा."

"मागल्या साली बी चाचणीच व्हती." म्हाताऱ्यानं खिडकीतून आत पाहिलं. "पोत्यांना बसू देता, आन् माझ्या पोरीला नाय?"

गांगुर्डेनं मान खाली घातली. ती चाचणीही रद्द झाली, कारण सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली होती. मला त्या गाडीचा आजही राग येतो.

*

त्या हिवाळ्यात शांतावहिनी न्यूमोनियानं गेल्या. दिवसकार्य झालं आणि गांगुर्डे कामावर आला. दुसऱ्याच दिवशी मुंबईहून नवे साहेब तपासणीला आले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पोती मोजली.

"एकोणसाठच? सतरा नंबर रिकामा का?"

गांगुर्डे त्या सीटकडे बघत म्हणाला, "ती येणार नाही साहेब."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "शेरा घ्या." मी मशीनमध्ये कागद घातला आणि सांगितलं तसं टाइप केलं:

"एक प्रवासी कमी. चाचणी पुन्हा घ्यावी."