नको म्हणजे वाढा

आमच्या लातूरच्या साडूंच्या घरून आजवर एकही पाहुणा उपाशी गेलेला नाही. खरं सांगायचं तर एकही पाहुणा धड चालत गेलेला नाही. लोक हसत हसत येतात आणि एकमेकांच्या खांद्याला धरून जातात. मी नांदेडला राहतो, ते लातूरला, आणि मध्ये एवढं अंतर ठेवल्याबद्दल मी महादेवाला रोज हात जोडतो. साडू तुरीचे आडत्ये. आडतीवर बसले की मूठभर तूर इकडची तिकडं होऊ देणार नाहीत, पण घरात पाहुणा पाटावर टेकला रे टेकला की यांच्या अंगातच येतं. धोतराचा सोगा खोचून, हातात पळी घेऊन ते पंगतीत उतरतात. "नको म्हणजे वाढा, हो म्हणजे लई वाढा," हे त्यांचं शास्त्र. पोट भरलं म्हणणारा माणूस त्यांच्या मते निव्वळ लाजून राहिलेला असतो, आणि त्याची लाज मोडायची जिम्मेदारी देवानं यांच्यावर टाकलेली असते.

वाढण्याच्या त्यांच्या एकेक तऱ्हा म्हणजे दरोडेखोरानं शिकाव्यात अशा. "पाव्हणं, ते बाहेर कोण आलंय बघा बरं," म्हणतील आणि तुम्ही मान वळवली की ताटात दोन पुरणपोळ्या. कुणी ताटावर हात आडवा धरला तर त्याची धडगत नाही. त्यांचा नवा जावई पहिल्या सणाला आला तेव्हा त्या बिचाऱ्यानं असाच हात धरला होता. साडूंनी हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गुळातली घट्ट गव्हाची खीर, सरळ त्याच्या हातावर वाढली. गरम खीर! हात निघाला, खीर ताटात गेली आणि साडू म्हणाले, "आता कसं!" जावई अजूनही सणाला येतो, पण जेवून येतो. हृदयाचे एक डॉक्टर एकदा त्यांना पथ्य समजावायला घरी आले होते, ते दिवेलागणीपर्यंत त्यांच्याच बाजेवर आडवे पडून होते. लग्नांत बुफे सुरू झाला तेव्हा साडूंना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. पण हार मानतील तर ते साडू कसले! आता ते बुफेच्या टेबलामागं जाऊन उभे राहतात, केटररच्या पोराच्या हातातला चमचा काढून घेतात, आणि एका लग्नात तर जिलेबीचं ताट घेऊन नवरदेवाच्या मामाला मोटरसायकलपर्यंत पळवलं. मामाला साखरेचा आजार होता. "म्हणून तर पळून राहिला होता!" साडू अजून हसत हसत सांगतात.

या सगळ्या शौर्याला दारूगोळा पुरवायचं काम अक्कांचं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. बाहेर साडू लढत असतात तेव्हा आत त्या भाकरी थापत असतात, आणि दर दोन मिनिटांनी बाहेरून हाळी जाते, "आण गं!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण साडूंच्या तोंडून अक्कांना उद्देशून मी ऐकलेलं वाक्य हेच. अक्का येतात, टोपलं ठेवतात, जातात. साडूंच्या पंगतीची कीर्ती उदगीरपर्यंत आहे.

तर अशा या माणसाला त्यांच्या हैदराबादच्या पोरानं अक्कांसकट परदेशी पाठवायचं ठरवलं. सोबतीला आम्ही नवरा-बायको. देश जॉर्जिया. पोरगा म्हणाला, "बाबा, तिथं गावोगावचं जेवण बघायला लोक जातात. पाहुण्याला देवानं धाडलेली भेट मानतात तिथं." झालं! साडूंच्या इभ्रतीचा प्रश्न आला. "दुनियेत कुठं लातूरवानी जेवू घालत असतील तर मी आडत बंद करतो," असं त्यांनी मोंढ्याच्या भर बाजारात उभं राहून जाहीर केलं. म्हणजे आमची सहल ही सहल नव्हतीच, ती कुस्ती होती. विमानात बसताना त्यांच्याकडं धपाटे, शेंगांची चटणी आणि ज्वारीचं पीठ होतं, आणि तोंडावर आत्ताच जिंकल्याचा भाव होता.

पहिले काही दिवस तर त्यांचंच राज्य चाललं. हॉटेलात सकाळी टेबलावर पन्नास पदार्थ मांडलेले असायचे, आणि जवळ कुत्रं उभं नसायचं. "बघा पाव्हणं, कुणी घ्या म्हणून राहिलं का? ह्याला जेवण म्हणतेत व्हय? ह्यो तर आठवडी बाजार हाय," असं म्हणत ते शेजारच्या टेबलावरच्या एका जर्मन बाईला धपाटं वाढून यायचे. बाई "नो, नो" म्हणायची. म्हणजे वाढा.

मग आमचा गाइड, एक उंचापुरा हसरा गडी, आम्हाला द्राक्षांच्या मुलखात त्याच्या आत्याकडं जेवायला घेऊन गेला. मांस नाही, अंडं नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं. आत्या साडूंच्याच वयाची असेल, डोक्याला रुमाल, कमरेला फडकं, हात दणकट. तिला पाहून अक्का सवयीनं सरळ चुलीकडं निघाल्या. आत्यानं त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं, मागं आणलं आणि खुर्चीवर दाबून बसवलं. अक्का खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, मधूनच उठायच्या, आत्या पुन्हा बसवायची. मग ताटं आली. वांग्याच्या कापांत भरलेलं अक्रोडाचं वाटण, मडक्यात शिजवलेला घेवडा, चीज भरलेली जाडजूड रोटी, लाल मिरचीचा वाटलेला ठेचा, आणि हातानं थापलेली मक्याची भाकरी. भाकरी बघून अक्का पहिल्यांदा हसल्या. वाटणात वाळलेला झेंडू कुटून घातलाय असं गाइडनं सांगितलं तेव्हा साडूंचा घास हातातच राहिला. "झेंडू? दसऱ्याला ट्रॅक्टरला घालतेत त्यो?" पण खाल्ला, आणि चव घेत "वाईट न्हाई" म्हणाले. साडूंच्या तोंडून परक्या स्वयंपाकाला एवढं म्हणजे सोन्याचं कडं.

खरा घोळ पुढंच झाला. आम्ही लिंगायत. अन्न म्हणजे प्रसाद, पानात कण टाकायचा नाही. साडू तर ताटात पाणी ओतून, बोटानं धुऊन तेही पितात. तसं त्यांनी तिथंही केलं. ताट लख्ख झालं, आणि आत्यानं ते पुन्हा भरलं. साडूंनी पुन्हा साफ केलं. आत्यानं पुन्हा भरलं. गाइड मला हळूच म्हणाला, इथं पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर घरच्या बाईला मान खाली घालावी लागते. पोट भरलं की थोडं ताटात ठेवायचं असतं. मी ते साडूंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगत होतो. "टाकू? ताटात? प्रसाद हाय, पाव्हणं!" मी स्वतः रोटीचा एक तुकडा वाटीआड सरकवून ठेवला होता, महादेव मला क्षमा करो. पण साडू पडले तत्त्वाचे. त्यांनी खाल्लं, धुतलं, प्याले. ताट धुऊन पितोय हे पाहून आत्यानं छातीवर हात ठेवला आणि ती काहीतरी बोलली. गाइड म्हणाला, "एवढा भुकेला माणूस आपण जन्मात पाहिला नाही, असं ती म्हणतेय." आणि आतून अख्खी गरम रोटी आली.

मग जे मी पाहिलं त्यासाठी मी दहा वेळा त्यांच्या घरी जेवायला तयार आहे. साडू घामाघूम झाले. प्रवासापुरत्या घातलेल्या पँटचा पट्टा ढिला केला. पोटावर हात फिरवून दाखवला, आत्याला वाटलं आवडलंय. "बास" म्हणाले, "पुरे" म्हणाले, कानडीतून "साकु, साकु" म्हणाले. शेवटी, लातूरचा हा वाघ, यानं ताटावर हात आडवा धरला! आणि आत्यानं, शपथेवर सांगतो, शांतपणे ती गरम रोटी त्यांच्या हातावर ठेवली. मला जावयाची फार आठवण आली. मी हसू लपवायला पाणी प्यायलो, ते नाकात गेलं. साडू माझ्याकडं वळून कळवळून म्हणाले, "पाव्हणं, ही बाई खरंच ऐकून राहिली न्हाई वो!"

सोडवलं ते अक्कांनी. त्या उठल्या, आत्याच्या हातातला चमचा काढून घेतला, तिला खांद्यांना धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्यापुढं ताट मांडून वाढायला लागल्या. वांगं, घेवडा, भाकरी. "घ्या बाई. घ्या की." आत्या हातांनी नको नको करत होती, हसत होती, मग एकाएकी मान खाली घालून भराभरा जेवायला लागली. साडूंनी हातावरची रोटी कशीबशी संपवली, ताट रिकामंच राहिलं आणि त्यात कुणी काही वाढलं नाही. परतताना गाडीत साडूंनी विचारलं, "तुला कसं सुचलं गं?" अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वाढणाऱ्याला बसवल्याबिगर पंगत उठत न्हाई. भूक लागली होती तिला. दिसून राहिलं होतं. कुणी इचारलंच न्हाई." साडू पोट धरून बसले होते, मला वाटलं अपचन झालंय.

पुढं दिवाळीनंतर लातूरला बोलावणं आलं. मी आदल्या दिवशीपासून लंघन करून गेलो. डॉक्टर होते, जावई होता, जेवून आलेला. पंगत बसली आणि साडू पळी घेऊन उतरले. वाढता वाढता जॉर्जियाची गोष्टही सांगत होते, त्यात ते जिंकले होते आणि आत्या रडकुंडीला आली होती. मी तोंड उघडणार तोच माझ्या ताटात वांगं पडलं, तर्री जास्त, मला आवडते तशी. डॉक्टरांना मिठाशिवायची भाजी निराळी, जावयाला शेंगांची चटणी. कुणाला काय लागतं ते या माणसाला झोपेतही पाठ. टोपलं रिकामं झालं. साडूंनी आतल्या दाराकडं तोंड केलं आणि ओरडले, "आण..."

पुढचा शब्द आला नाही. ते आत गेले आणि अक्कांना दंडाला धरून बाहेर घेऊन आले. अक्कांचे हात पिठानं भरलेले. "येडे झालाव का? पाव्हणे जेवून राहिलेत!" "बस." "आवो, तवा तापलाय..." "बस की!" माझी बायको हसत उठली आणि तव्याकडं गेली. अक्का माझ्या शेजारच्या पाटावर बसल्या, तशाच, अगदी कडेला. साडू त्यांच्यापुढं पळी घेऊन उभे राहिले, आणि उभेच राहिले. मग अवघडून म्हणाले, "काय वाढू? तुला आवडतं काय?"

अक्कांनी थोडा विचार केला. तक्रार नव्हती, मीठ संपलंय असं सांगावं तशा म्हणाल्या, "काय की. गरम काय चांगलं लागतं, ते आजून कळलंच न्हाई."

साडू आत गेले आणि तव्यावरची भाकरी नुसत्या हातात घेऊन आले, या हातातून त्या हातात टाकत, फुंकत. अक्कांच्या ताटात टाकली, वर लोणी ठेवलं. अक्कांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "धूर लई झालाय आज." भाकरी संपत आली तशी साडूंनी दुसरी आणली. अक्कांनी ताटावर हात आडवा धरला. "नको. पुरे."

साडू थांबले. साऱ्या लातुरात ज्यानं कुणाचा नकार कधी खरा मानला नाही, तो माणूस हातात चटके देणारी भाकरी घेऊन तसाच उभा राहिला, आणि वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "पाव्हणं, हिचं नको खरं हाय का वो?"

"वाढा," मी म्हणालो. "लई वाढा."