रचलेला आवा

"ही कुंभाराची मुलगी? वाटत नाही गं."

मागच्या रांगेतली बाई शेजारणीला हळूच म्हणाली. चांगल्या मनानंच म्हणाली असावी. मी वळले नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारची मीटिंग चालू होती. मी कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, कॉलेजचाच कुर्ता घालून बसले होते. ही सोसायटी आमच्या परसाला लागून आहे. त्यांच्या गॅलऱ्यांतून आमचा आवा दिसतो.

आवा म्हणजे आमची भट्टी. कच्ची मडकी गोल रचायची, मधे गोवऱ्या आणि पेंढा भरायचा, वरून चिखलाचा लेप द्यायचा आणि पेटवायचं. पणजोबांपासून तो त्याच जागी लागतो. या वेळी आत घटस्थापनेचे घट होते. बाबांनी परवा सकाळी आवा रचून पुरा केला आणि काडी लावायच्या आधीच वॉर्ड ऑफिसचा माणूस आला. धुराची तक्रार होती. "सोसायटी हो म्हणाली तर पेटवा," असं सांगून गेला.

आमच्या घरात आवा रचणारा माणूस तो पेटेपर्यंत जेवत नाही. एरवी ही काही तासांची गोष्ट. सकाळी रचला, दुपारी पेटला, मग बाबा हात धुऊन भाकरीवर बसतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा कधीकधी असे उशिरा जेवतात.

आता परवापासून ते कोऱ्या चहावर होते. त्यांना शुगर आहे. सकाळी तांब्या हातातून निसटला आणि पाणी शर्टावर सांडलं. आई म्हणाली, "अवो, उतरवा तो आन् जेवा. मडकी कुठं पळतात? परत रचू."

"रचलेला आवा घरातलं माणूस गेलं तरच उतरवतात. माझा आजा गेला तवा उतरवलेला. आता कोन गेलाय?"

"मग तुमी जायची वाट बघू का आमी?"

बाबांनी चहाचा कप तोंडाला लावला. आई माझ्याकडे वळली. "तू जा मीटिंगला. इंग्लिशमधनं बोल. इंग्लिशमधनं बोललं की ऐकतात." त्यावर बाबा हसले. "जा बाय. एवढी शिकलीस, एक आवा तरी पेटू दे."

म्हणून मी इथे होते. दोन इंग्लिश वाक्यं पाठ करून आणली होती. लिफ्टचा विषय झाला, पार्किंगचा झाला, मग सेक्रेटरींनी माझ्याकडे हात केला. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य म्हटलं. आम्हाला फक्त एकदा पेटवू द्या, नवरात्र तोंडावर आहे. दुसरं सुरू होण्याआधीच एक काका म्हणाले, "तळोज्याला, कारखान्यांत हलवा की. तिथल्या धुरात तुमचा धूर कुणाला कळणार?" लोक हसले. मलाही थोडं हसू आलं, अवघडले की तोंडावर तेच येतं.

मग एक बाई उठली. "बेटा, माझ्या मुलाला दमा आहे, नेब्युलायझर लागतो. तुमचा धूर सुटला की रात्रभर मी त्याला उभा धरून बसते. मी काय करू, सांग." ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. माझं दुसरं वाक्य तिथेच राहिलं.

"दिवाळीत तुझ्या पप्पांना चाक घेऊन बोलाव ना," कुणीतरी म्हणालं. "मुलांसाठी वर्कशॉप ठेवू."

मी थँक यू म्हटलं. सेक्रेटरींनी विषय पुढच्या महिन्याच्या मीटिंगला ढकलला. माझे बाबा उपाशी आहेत, एवढंच सांगायचं राहिलं होतं. पण मग जेवा म्हणावं त्यांना, असं कुणी साधेपणानं म्हटलं असतं, तर त्यापुढे माझ्याकडे कुठल्याच भाषेत काही नव्हतं.

घरी आले. आभाळ आलं होतं. आव्यावर ताडपत्री ओढलेली होती, कडेला विटा ठेवलेल्या. बाबा शेजारी गोणपाटावर बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी नजर आव्याकडे वळवली. मागच्या दारात आई ताट घेऊन उभी होती. भात, वरण, वर झाकण. ती आता जेवा म्हणतही नव्हती.

बाबांनी ताडपत्रीखाली हात घालून लेप चाचपला. "सुकला. भेगा पडल्यात. परत चिखल लावाया पायजे." ते उठायला गेले. अर्धे उठले आणि होते तिथेच खाली बसले. पाय सरकला असं दाखवायला हसले. ओठ पांढरे पडले होते. चिखलाची बादली हातभर अंतरावर होती आणि त्यांनी तिच्याकडे पुन्हा हात केला.

मी बादली उचलून मागे ठेवली. घरात मी कधी मोठ्यानं बोलत नाही. आईनं दचकून बघितलं, तेव्हा कळलं की आवाज माझाच होता.

"बाबा, मी गेले असं समजा. आणि आवा उतरवा."