हसनाबादच्या फॉर्मवाल्या मॅडम

हसनाबादला स्टँडसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात नाव रंगवलंय, पण ते कोणी घेत नाही. सगळे 'मॅडमकडं' म्हणतात. बारावी झालेलं पोरगं घरात असलं की बाप सुट्टी टाकतो, आई कागदांची पिशवी काढते आणि तिघं मॅडमकडं येतात. मॅडम म्हणजे बेबीनंदा. वय त्रेचाळीस, नवरा वारलेला, मिथुन नावाचा एकुलता एक मुलगा, आणि जीभ अशी की अडलेला दाखला दोन शब्दांत काढून आणील.

तिचं स्वतःचं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं. नवरा गेल्यावर तिने एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि प्रवेशाच्या माहितीपुस्तिका वाचत बसली. जातपडताळणीला काय लागतं, उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा, कोणत्या फेरीत काय केलं की नाव बाद होतं, सगळं तिला तोंडपाठ. पंधरा वर्षांत तिने कितीतरी पोरं मार्गी लावली. हे खरं आहे आणि ते कबूल केलंच पाहिजे.

तिचा एक नियम होता. प्रत्येक फॉर्मवर मोबाइल नंबर तिचा. लोक सिम बदलतात, रिचार्ज संपतो, मेसेज येतो तेव्हा बाप कारखान्यात असतो. एका पोराने तर परगावी नेटकॅफेत बसून कॉलेजांच्या पसंतीची यादी उलटीपालटी करून टाकली होती. तेव्हापासून पासवर्डही तिच्याच वहीत. "तुम्ही हात लावू नका, मी हाय ना," असं ती म्हणायची आणि लोक सुटकेचा श्वास टाकायचे.

दुसरी एक सवय होती, ती मात्र निव्वळ हौस. नंबर लागल्याची बातमी ती फोनवर द्यायची नाही. घरच्यांना दुकानात बोलवायची, खुर्चीवर बसवायची, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवायची आणि मग सांगायची. आईबापाच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला समोर बसून बघायचं असे. पंधरा वर्षं तिने तो सोहळा कोणाला दिला नाही, फोनलाही नाही.

गेल्या वर्षी केदारखेड्याचा सर्जेराव मुलीला घेऊन आला. सर्जेराव जालना एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर असतो. मुलगी दीपमाला, बोलायला कमी. सीईटीत तिला एवढे पर्सेंटाइल होते की बेबीनंदाने चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

"ताई, इचं तुम्हीच बघा," सर्जेराव म्हणाला. "मला यातलं काई कळत न्हाई."

"पहिलं कोणतं टाकायचं गं?"

"संभाजीनगरचं सरकारी इंजिनिअरिंग," दीपमाला म्हणाली. "कॉम्प्युटर."

"लागंल का पण ताई?"

"इला न्हाई तर मंग कोणाला लागंल?"

बेबीनंदाला पोरगी मनापासून आवडली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं जे झालं ते वैरापोटी झालेलं नाही. वैर असतं तर निदान त्याला नाव तरी देता आलं असतं.

त्याच आठवड्यात मिथुनला पुण्याच्या एका खासगी कॉलेजात जागा मिळाली. मिथुन अभ्यासात यथातथाच, आणि आईच्या जिवावर उड्या मारणारा. त्याला सोडायला बेबीनंदा गुरुवारी पुण्याला गेली. शुक्रवारी इंजिनिअरिंगची यादी लागणार हे तिला माहीत होतं. पासवर्डची वही दुकानातच राहिली. शनिवारी परत येऊच, असा तिचा हिशेब.

शुक्रवारी संध्याकाळी होस्टेलच्या रांगेत मेसेज आले. त्यात दीपमालाचा होता. पहिली पसंती, पहिलीच फेरी. सोमवारी पाचच्या आत पासवर्ड टाकून जागा मान्य करायची होती. बेबीनंदाला इतका आनंद झाला की तिने रांगेतल्या अनोळखी बाईलाही सांगितलं, "आमच्याकडची पोरगी हाय, बापाची भट्टीवर ड्युटी." सर्जेरावचा नंबर तिच्या मोबाइलात होता. तिने तो लावला नाही. पेढे घेऊन, समोर बसवून सांगायचं होतं.

शनिवारी मिथुनला गादी नव्हती. रविवारी कपाटाला कुलूप नव्हतं, आणि आई निघाली तसा त्याने चेहरा पाडला. ती राहिली. मुदत दरवर्षी वाढते, यंदाही वाढेल, असं तिने स्वतःला समजावलं. सोमवारी अकराला ती बसमध्ये बसली आणि साडेसहाला हसनाबादला उतरली. मुदत वाढली नव्हती.

बाकीच्या पोरांना खालच्या पसंतीची कॉलेजं लागली होती, त्यांना पुढच्या फेरीची वाट मोकळी होती. पहिली पसंती लागून घेतली नाही, तर नाव पुढच्या फेऱ्यांतूनही जातं. हा नियम बेबीनंदानेच सगळ्या गावाला समजावून सांगितला होता. पिशवीत पेढ्यांचा बॉक्स होता. तो तिने झेरॉक्सच्या मशीनमागे सरकवला.

त्या वेळीही काही करता आलं असतं. कॉलेजात जाऊन हातापाया पडता आलं असतं, शेवटी रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी अर्ज करता आला असता. पण त्यासाठी आधी सर्जेरावला खरं सांगावं लागलं असतं, आणि तिथे तिचं घोडं अडलं. तिला पोरीची दया येत होती. स्वतःच्या नावाची त्याहून जास्त येत होती.

मंगळवारी सर्जेराव खाडा करून आला. यादी लागल्याचं त्याला मिलमध्ये कोणीतरी सांगितलं होतं. दीपमालाने इस्त्रीचा ड्रेस घातला होता.

"न्हाई लागला नंबर," बेबीनंदा कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली.

सर्जेरावने विचारलं, "पुढच्या फेरीत तरी, ताई?"

"पुढं बी न्हाई होणार."

दीपमाला रडली नाही. तिने विचारलं, "किती कमी पडले, मॅडम?"

पर्सेंटाइलचं गणित यांना कुठे कळतंय, असं बेबीनंदाच्या मनात आलं. आकडा जितका लहान तितकं दुःख कमी, असंही वाटलं असेल.

"थोडक्यात गेलं बघ. दोन मार्कांनी."

पोरगी हळूच म्हणाली, "दोन मार्क म्हणजे गणिताचा एक प्रश्न. मी तो बराबर केल्ता. शेवटच्या दोन मिनिटांत बदलला."

"कशाला बदलला?" सर्जेरावने विचारलं.

"वाटलं, चुकलं आसंल."

"आगं पण कशाला बदलला?" त्याने पोरीवर कधी आवाज चढवला नव्हता, तो आज चढला. "मी तिकडं भट्टीपुढं उभा राहून राह्यलो, आन् तू बराबर केलेलं बदलून राह्यली?"

आता एक वाक्य पुरेसं होतं. ते बेबीनंदाच्या ओठांपर्यंत आलंही असेल, देव जाणे. ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, पोरीला बोलू नका. होतं आसं." मग तिने भोकरदनच्या एका कॉलेजात बी.एस्सी.चा फॉर्म फुकट भरून दिला. सर्जेरावने हात जोडले. दीपमालाने खाली वाकून नमस्कार केला, आणि बेबीनंदाने तो घेतला.

बी.एस्सी. दिवाळीपर्यंत टिकलं. गणिताच्या तासाला बसवत नाही, डोळ्यांपुढे तो प्रश्न येतो, असं दीपमाला आईला म्हणाली आणि घरी राहिली. आता ती एमआयडीसीत बियाण्यांची पाकिटं भरते. घरात कोणी काही विचारलं की उत्तर द्यायला वेळ लावते, दिलेलं उत्तर पुन्हा बदलते. बाप हल्ली बोलत नाही, पण त्याचं न बोलणंही तिला ऐकू येतं.

यंदा जानेवारीत सीईटीचे फॉर्म सुरू झाले आणि दुकान पुन्हा भरलं. बेबीनंदा फॉर्म भरता भरता पोरांना चार गोष्टी सांगते. रात्री जागू नका, हॉलतिकीट दोन ठिकाणी ठेवा. आणि सगळ्यात शेवटी, "एकदा केलेलं उत्तर बदलू नका. केदारखेड्याची एक पोरगी होती, लई हुशार. शेवटच्या दोन मिनिटांत एक उत्तर बदललं, आन् दोन मार्कांनी सरकारी कॉलेज गेलं. आज पाकिटं भरून राह्यली." सांगताना तिचा आवाज खरोखर भरून येतो. पंचवीस-तीस वेळा सांगून झाल्यावर तिलाही ते तसंच घडल्यासारखं वाटायला लागलंय.

परवा हे सांगत असताना सर्जेराव समोरच्या खुर्चीवर होता, भावाच्या मुलीला, आकांक्षाला घेऊन आलेला. आकांक्षा ही चुलतबहिणीची गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होती. तिने काकाकडे पाहिलं.

"खरं हाय मॅडमचं," सर्जेराव म्हणाला. "आपली दीपमाला ती. तू नको तसं करू."

बेबीनंदाने मान हलवली आणि आकांक्षाचा फोटो स्कॅनरवर ठेवला.