परदेशातला काळ धरत नाहीत

बाबा गुरुवारी गेले. अग्नी मी दिला. माझा धाकटा भाऊ निखिल इंग्लंडहून आला नाही. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, रजा मिळाली नाही.

दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, मी नाशिकहून त्याच्याकडे निघाले. कॉलेजात शिकवायला उभी राहिले की शब्द सुचेनासे झाले होते.

मिल्टन कीन्स हे आखून वसवलेलं शहर आहे. चौकातल्या एका गोल वाहतूक बेटाला वळसा घालून होतो न होतो तोच दुसरं येतं. निखिल ऑफिसला गेला की मी रेडवेवरून (पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठीचे लालसर रस्ते) फिरायची. दुसऱ्याच दिवशी चुकले. सगळे पूल सारखे, सगळी तळी सारखी. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी मला पुन्हा पुन्हा तिथूनच जाताना पाहिलं.

"कोणाकडे आलात?"

"भावाकडे."

"मग बोलवा की त्याला. भाऊ असतात कशाला?" त्या हसल्या. मीही हसले. फोन मात्र बऱ्याच वेळाने केला.

निखिल गाडी घेऊन आला. वाटेत झेब्रा क्रॉसिंगजवळ एक म्हातारा अजून फुटपाथवरच होता, तरी निखिलने गाडी थांबवली.

"इथे बरा थांबतोस," मी म्हटलं.

"ताई, टोमणे नकोत."

गेल्या जूनमध्ये तो नाशिकला आला होता. बाबांची गाडी फाटकातून मागे घेताना कानाला फोन होता. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या शकुंतलाबाईंना धक्का बसला, त्या पडल्या, कोपराला टाके पडले. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. निखिल चौथ्या दिवशी ठरल्या विमानाने परत गेला. बाबा गेले त्या दिवशी शकुंतलाबाई आमच्या दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, बाबांना नेईपर्यंत.

"रजा होती," निखिल गाडी चालवत, समोर बघत म्हणाला. "आलो असतो तर पोलिसांनी बोलावलं असतं. कोर्टात केस उभी राहिली की इथे कायम राहायच्या, पीआरच्या अर्जात लिहावी लागते. अशा किरकोळ गुन्ह्याला एक वर्षाची मुदत असते ताई, त्यानंतर कोर्ट दखल घेत नाही. जूनमध्ये वर्ष होतंय. मग येतो, बाबांचं सगळं करू."

"बाबांचं सगळं झालंय."

शनिवारी आम्ही लीड्सला गेलो. मोटरवेवरच्या काही निळ्या पाट्यांवर गावाचं नाव नाही, नुसतं 'उत्तर' लिहिलेलं असतं. तिथे सुलभाकाकू असतात, बाबांच्या मित्राच्या पत्नी. कोल्हापूरच्या कोर्टात त्यांनी वर्षानुवर्षं वकिली केली. आता मुलीकडे राहतात. त्यांनी आमटीत आमसुलाऐवजी रूबार्ब (इकडचे आंबट लाल देठ) घातला होता. जेवताना निखिलने विषय काढला. "काकू, माझा एक मित्र आहे..."

"मित्राचं नाव निखिल का रे?"

तो ओशाळला आणि सगळं सांगून मोकळा झाला. काकूंची नात इरा इथेच जन्मली, कायदा शिकते. ती उत्साहाने म्हणाली, "इथे सिंपल आहे, निखिलदादा. मायनर ऑफेन्सचा टाइम लिमिट सहा महिने. पोलीस लेट झाला तर फिनिश. तो माणूस स्पेनला गेला तरी क्लॉक चालूच राहतो."

"बघ," निखिल मला म्हणाला.

"ते इथलं," काकू म्हणाल्या. "आपल्याकडे आरोपी देशाबाहेर असतो तो काळ मुदतीत धरतच नाहीत. तू चार दिवसांत निघालास ना? मग तुझे चारच दिवस झालेत. इथे दहा वर्षं बसलास तरी चारच."

निखिलने चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता तो बाबांबद्दल बोलेल. उगाच इथे बसून राहिलो म्हणेल, रडेल.

"म्हणजे आता यायचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "पीआर हातात पडेपर्यंत तरी."

"अरे, जामिनावर सुटशील. बहुतेक दंडावर भागेल."

"तरी अर्जात लिहावं लागतंच ना."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहत राहिले. इराने घाबरून विचारलं, "आमटी फार आंबट झाला का?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी आम्हाला माळावर नेलं. चुन्याशिवाय नुसत्या दगडावर दगड ठेवून रचलेल्या भिंती टेकड्यांवरून लांबवर गेल्या होत्या, आणि त्यांच्या आडोशाला मेंढ्यांची पिल्लं बसली होती. निखिल फोटो काढायला पुढे गेला तेव्हा काकूंनी हळूच विचारलं, "नातेवाइकांना काय सांगितलंस?"

"रजा मिळाली नाही."

"आणि आता?"

 मला निखिलची लाज वाटत होती, आणि त्याच्यासाठी अजून एखादं बरंसं कारण मी मनात शोधत होते, याची त्याहून जास्त.

मी एकटीच नाशिकला परतले. दुसऱ्या सकाळी भाजीला गेले तर शकुंतलाबाई म्हणाल्या, "ताई, सायेब गेले. तुमच्या घरात दुःख. तक्रार मागं घिऊ का?"

हो म्हटलं असतं तर निखिल पुढच्याच महिन्यात आला असता.

"घेऊ नका," मी म्हटलं. "त्याला रजा होती. केसला भिऊन आला नाही."

त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मेथी नेता का? चांगली आलीय."

मेथी घेतली. घरी येऊन निखिलला फोन करून हे सांगितलं. त्याने फोन ठेवला, त्यानंतर केलेला नाही.

तो तिकडे आहे. तक्रार इथे आहे. मुदतीचं वर्ष जवळजवळ सगळं शिल्लक आहे.