मामांच्या कॅमेऱ्यासमोर

हुबळी-धारवाडात आमच्या मामेसासऱ्यांइतके फोटो कुणी काढले नसतील, आणि त्यांच्या कॅमेऱ्यासमोर माणसं जितकी निश्चल राहिली तितकी जगातल्या कुठल्याच फोटोग्राफरसमोर राहिली नसतील. याचं कारण अगदी साधं आहे. माझ्या बायकोचे हे मामा पोलिसांसाठी फोटो काढायचे. खून झाला, घर फुटलं, विहिरीत कुणी सापडलं की कमरीपेठेतल्या त्यांच्या स्टुडिओच्या दारात पोलीस जीप उभी राहायची आणि आतून कानडीत 'या' अशी हाक यायची, "बर्री फोटो अण्णा!" की निघाले मामा, गळ्यात कॅमेरा अडकवून, खिशात लाकडी फूटपट्टी खोचून. सुरुवातीला ते चारचौघांसारखे लग्नामुंजींचेच फोटो काढत. स्टुडिओत रंगवलेल्या धबधब्याचा पडदाही होता. पण एकदा पोलिसांचा नेहमीचा माणूस सासुरवाडीला गेला होता म्हणून हवालदार यांना घेऊन गेला, आणि ती बातमी पेठेत पसरली. काल प्रेताचा फोटो काढून आलेल्या माणसाला आज आपल्या लेकीच्या हळदीला कोण बोलावणार? लग्नाची गिऱ्हाइकं बंद झाली ती कायमचीच. मामांना त्याचं काडीइतकंही दुःख झालं नाही. "सुटलो," ते म्हणायचे. "लग्नातली माणसं फार हलतात हो."

कुणाच्याही घरी गेले तरी मामा उंबऱ्यावर थांबत. डावीकडून सुरुवात करून सगळी खोली नजरेखालून घालत आणि मगच पाऊल आत टाकत. ही खोड मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. आमच्या केशवापूरच्या घरी ते मला बघायला म्हणून मुलीकडच्यांबरोबर आले. बाकीचे आत येऊन बसले, पोहेसुद्धा आले, आणि हे गृहस्थ आपले दारातच! माझी आई बिचारी कासावीस झाली. तिला वाटलं, घरात काही वास्तुदोष दिसला की काय. शेवटी मामा आत आले, खुर्चीत बसले आणि आईला अतिशय नम्रपणे म्हणाले, "या दोन खुर्च्या या घरच्या नव्हेत. फरशीवर यांच्या पायांची खूण नाही." खुर्च्या शेजारच्या देशपांड्यांकडून मागून आणल्या होत्या. आईचं तोंड असं झालं म्हणता! मुलीकडचे सगळे जमिनीकडे बघायला लागले आणि मामा तेवढ्यात पोहे संपवून "छान झालेत" असं म्हणून मोकळे. लग्न मोडलं नाही ही माझी पुण्याई.

आमच्या लग्नात त्यांनी भाचीला प्रेमाची भेट म्हणून आपण होऊन एक अल्बम करून दिला. तो आजही आमच्याकडे आहे. मामांची पद्धत ठरलेली: आधी लांबून सगळी जागा, मग मधल्या अंतरावरून, मग अगदी जवळून, आणि जवळच्या प्रत्येक फोटोत शेजारी पट्टी. म्हणजे वस्तू केवढी होती याबद्दल पुढं कोर्टात वाद नको! त्यामुळं आमच्या अल्बमात रिकामा मांडव चारही कोपऱ्यांतून आहे, दारातला चपलांचा ढीग आहे, सांडलेल्या अक्षता आहेत, पट्टी लावलेली जिलबी आहे आणि अर्धवट खाल्लेला एक लाडू आहे. माणूस म्हणाल तर एक नाही. आईनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा शोधलं आणि विचारलं, "अहो, यात नवरानवरी कुठं आहेत?" मामा शांतपणे म्हणाले, "होते की तिथंच. मी ते जायची वाट बघत होतो."

घरी तर काही सांगायलाच नको. दूध उतू गेलं, बरणी फुटली, मांजरानं भिंतीवर पंजे उमटवले, की मामा कुठूनही धावत येऊन ओरडत, "यारू मुट्टब्याड्री!" म्हणजे कुणी हात लावू नका. जागेवर पोचल्याबरोबर पोलिसांना आणि गर्दीला हेच कानडीत ओरडून सांगायची सवय, ती चुलीपाशीही सुटायची नाही. आमच्या मामी हातात फडकं घेऊन उभ्या. दूध शेगडीवरून ओघळून फरशीवर येतंय, आणि मामा कोन बघताहेत. "अहो, पुसू का आता?" "थांब गं, धार कुठवर गेलीय ते येऊ दे." सरावासाठी भिंतीवरच्या डागाचा फोटो काढायचा तर पट्टी धरायला मामीच. त्याचीही एक शिस्त होती. पट्टी नुसत्या कडेला, नखाच्या टोकानं धरायची, बोट अजिबात दिसता कामा नये. यामागं मोठा इतिहास होता. एका खटल्यात मामांच्या फोटोत पट्टी धरणाऱ्या हवालदाराचा अंगठा आला होता, आणि आरोपीच्या वकिलानं सबंध दुपार त्या अंगठ्यावर काढली. हा कुणाचा, तिथं का होता, पुराव्याला लागला होता का? मामा पिंजऱ्यात उभे राहून घामाघूम. तेव्हापासून ज्या फोटोत बोट आलं तो फोटो बाद, हा त्यांचा कायदा. मामींची बांगडी जरी चौकटीत डोकावली तरी मामा म्हणत, "बाद! परत धर."

या मामींची आयुष्यात एकच मागणी होती. नवऱ्यानं आपला एक फोटो काढावा. दर दिवाळीला नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून त्या स्टुडिओच्या दारात येऊन उभ्या राहत. "काढा की हो एक." मामा लगेच कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण बसवत आणि म्हणत, "पुढच्या दिवाळीला." मतदार ओळखपत्रासाठी फोटो लागला तेव्हाही या माणसानं बायकोला लॅमिंग्टन रोडवरच्या दुसऱ्या स्टुडिओत नेलं आणि स्वतः रस्त्यावर उभे राहिले. तो फोटो बघून मामी म्हणाल्या, "हा फोटो नव्हे, पंचनामा आहे." मला मामांचा राग यायचा. एकदा चहा पिताना मी विचारलंच. त्यांनी बशी खाली ठेवली. इतका ठाम बोलणारा माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला. "जावईबापू, पोलिसांचं काम धरल्यापासून या काचेसमोर जे माणूस आलं ते परत उठलं नाही. आणि तुम्ही म्हणता तिला बसवा?" मी थक्क झालो. अहो, स्मशानाच्या वाटेवर डबा उघडून भाकरी खाणारा हा माणूस! मांजर आडवं गेलं तर त्याचाही फोटो काढणारा! पण बायकोच्या बाबतीत त्याचं काळीज एवढंसं होतं.

पुढं पोलीस खात्यानं स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेतला. जीप यायची बंद झाली. मामा रोज सकाळी स्टुडिओ उघडून पट्टी पुसत बसत. त्यातच मामींना छातीचं दुखणं लागलं. दवाखान्यातून परत आल्यावर आम्ही भेटायला गेलो होतो. मामी उशीला टेकून बसल्या होत्या, आणि काही भांडण नाही, तंटा नाही, अगदी सहज आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, मग मी मेल्यावरच काढणार आहात का माझा फोटो? काढाल तेव्हा. लांबून, मधून, जवळून." मामा उठून बाहेर गेले.

दुसऱ्याच दिवशी ते आमच्या घरी हजर. उंबऱ्यावर न थांबता सरळ आत आले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं घडलंय. "तुमचा तो छोटा कॅमेरा द्या," म्हणाले. मी आणून दिला, तर त्याची उलटतपासणी सुरू! "यात आजवर कोण कोण आलंय?" मी नावं सांगत गेलो. "सगळे ठणठणीत आहेत?" "आहेत की." "नीट आठवून सांगा." "एका चुलत्यांना साखर आहे," मी कबूल केलं. मामांनी जरा विचार केला. "साखर चालेल," ते म्हणाले आणि मलाही बरोबर घेऊन निघाले.

मागच्या अंगणात जास्वंदीपाशी खुर्ची मांडली. मामी लुगडं नेसून, अबोली माळून बसल्या. लांबून एक, मधून एक. मग जवळून. मामांनी पट्टी काढली तशी मामींनी सवयीनं हात पुढं केला. "तू नाही," मामा म्हणाले. "आज तू कशाला हात लावायचा नाहीस." मी पुढं झालो तर मलाही हातानं मागं सारलं. पट्टी त्यांनी स्वतःच्या डाव्या हातात मामींच्या गालापाशी धरली, उजव्या हातात कॅमेरा, आणि दाबलं बटण. मग कॅमेरा खाली घेऊन ते मामींकडे टक लावून बघत राहिले. कपाळावर घाम. "बरी आहेस ना?" त्यांनी विचारलं. "न बरं व्हायला काय झालंय? चहा टाकू?" मामी म्हणाल्या, आणि मामा तिथंच अंगणात फतकल मारून बसले.

फोटो धुऊन आले. प्रेताशेजारी उभं राहून ज्याचा हात कधी कापला नाही, त्याचे पहिले दोन्ही फोटो हललेले! तिसरा तेवढा लख्ख आला होता. मामी खुदकन हसताहेत, गालापाशी पट्टी, आणि पट्टीवर मामांचा भलामोठा अंगठा. "बाद," मामा म्हणाले, आणि फाडायला हात घातला. तोच मामी कडाडल्या, "मुट्टब्याड्री!" मामांचा हात जिथल्या तिथं थांबला. तिघंही हसलो, मामा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मामा आधी गेले. मामी अजून आहेत, चांगल्या खुटखुटीत आहेत. हार घालायला मामांचा फोटो शोधला, तर आख्ख्या घरात एकही नाही. मामांचं ओळखपत्र होतं, पण त्यावरचा फोटो लावायला मामी तयार होईनात. शेवटी त्या मला घेऊन लॅमिंग्टन रोडला तसबिरीच्या दुकानात गेल्या आणि पिशवीतून तोच अंगणातला फोटो काढून दिला. दुकानदारानं तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "अक्का, कडेला कुणाचं तरी बोट आलंय. चौकटीखाली दाबून टाकतो, कळणारसुद्धा नाही."

"माझं तोंड थोडं कापलं गेलं तरी चालेल," मामी म्हणाल्या. "अंगठा पुरा दिसला पाहिजे."

आता तो फोटो कमरीपेठेत त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. नवीन माणूस आला की गोंधळतो, कारण फोटोतली बाई समोरच बसून त्याला चहा देत असते. फूल मात्र रोज ताजं असतं, आणि ते त्या अंगठ्यापाशी खोचलेलं असतं.