बासूच्या रश्शातलं मीठ

रमजानात मोरोक्कोतल्या झागोरा गावात परक्या माणसाला दुपारी जेवण मिळणं कठीण आणि बिअर मिळणं त्याहून कठीण. बाटल्यांच्या दुकानाला महिनाभर कुलूप, आणि मोठ्या हॉटेलात एका बिअरच्या पैशांत बासू आचाऱ्याच्या हातचं अख्खं जेवण होई. त्यामुळे खिसा चाचपत हिंडणारे गोरे मुकाट्याने लहसनशेठच्या, तिकडच्या बोलीत सी लहसनच्या, खानावळीत येत, पुदिन्याच्या चहावर तहान भागवत आणि बासूने शिजवलेली कोंबडी खात.

बासूचा स्वतःचा रोजा. जिभेच्या टोकावर घेऊन थुंकलं तर चालतं, असं मशिदीतले जाणते सांगत. पण हा भलताच कर्मठ, रश्शाला जीभ लावायचा नाही. त्यात कोंबडीत खारवलेलं लिंबू, म्हणजे मिठाचा अंदाज चुकलाच. गेल्या रमजानात तीन ताटं परत आली होती. यंदा एक जरी आलं तरी माराकेशहून दुसरा आचारी आणीन, असं मालकाने बजावलं होतं. घरी खाणारी पाच तोंडं. बासूची झोप उडाली.

चाखू शकेल असं मालकाच्या घरात एकच माणूस होतं, त्याची आई इत्तो; सगळे तिला मानाने लल्ला इत्तो म्हणत. साखरेच्या आजारामुळे डॉक्टरने तिला रोजे धरू नका म्हणून सांगितलं होतं. पण म्हातारी मानी. गावभर रोज्याच्या गप्पा मारायची आणि कोठीत बसून गुपचूप भाकरी खायची. बासूला हे ठाऊक होतं, पण विचारायची सोय नव्हती. मग तो रोज वाटीभर रस्सा कोठीच्या फळीवर मुद्दाम विसरून यायचा. वाटी रिकामी झाली की मीठ बरोबर, असं त्याने मनाशी ठरवलं. वाटी रोज चाटूनपुसून लख्ख.

सातव्या दिवशी ती उष्टी वाटी मालकाच्या हाती लागली.

"माझ्या घरात रोजा मोडतोस?" त्याने चारचौघांत विचारलं.

बासूने म्हातारीकडे पाहिलंसुद्धा नाही. "भूक आवरली नाही, सी लहसन." जन्मात एक रोजा न चुकवलेल्या माणसाला हे बोलताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग चालू लाग."

"तो कुठे जात नाही," लल्ला इत्तो कोठीच्या दारातून म्हणाली. "खाल्लं मी. यंदा माझा एकही रोजा झालेला नाही."

लहसनने मान खाली घातली. बासूला भरून आलं. डोळे पुसत त्याने हळूच विचारलं, "लल्ला, मीठ तरी बरोबर होतं ना?"

"सातही दिवस खारट."

"मग वाटी रिकामी कशी व्हायची?"

"भूक लागते रे मला."

"आणि त्या गोऱ्यांची ताटं? यंदा एकही परत आलं नाही."

"त्यांना तरी दुसरं कोण वाढतंय?" म्हातारी म्हणाली. "उद्यापासून मी चुलीपाशी बसते. सगळ्यांदेखत चाखेन."